पेलिंग सुट्टीवर आहेत

मिस्टर पेलिंग सुट्टीचा विचार करतायत हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात ससा साफ करत होते आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून चांदीचे चमचे पुसत होते.

"मिसेस बॅरो," ते म्हणाले, "एखादा माणूस आठवडाभर नसला तर घर चालतं का हो?"

"कुठला माणूस, त्यावर आहे," मी म्हटलं. "आयव्ही नसली तर उलट बरंच चालतं."

आयव्ही गावातून रोज झाडायपुसायला यायची. ती तिथेच बादलीत फडकं पिळत होती. "ऐकलं मी," ती म्हणाली.

"ऐकावंस म्हणूनच बोलले."

मिस्टर पेलिंग एरवी आमच्या या चकमकींवर ओठातल्या ओठात हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. चमचा खिडकीच्या उजेडात धरून बघत म्हणाले, "मी माझ्याबद्दल विचारत होतो."

मी सुरी खाली ठेवली.

ऑटरबी हॉलमध्ये मी स्वयंपाकाला लागले ती युद्धाच्या आधी. मिस्टर बॅरो म्हणून कुणी कधी नव्हतेच, पण मोठ्या घरात स्वयंपाकिणीला मिसेस म्हणतात, म्हणून मी मिसेस. तेव्हापासून या माणसाला मी एक दिवस सुट्टी घेताना पाहिलं नव्हतं. त्यांची आई वारली तेव्हा पहाटेच्या बसने गेले, तिला पुरलं, आणि रात्रीच्या जेवणाला पांढरे हातमोजे घालून हजर. मिसरूड फुटायच्या आत ते या घरात नोकरीला आले होते, बटलर झाले होते आणि आता सत्तरीला टेकले होते. एकेकाळी इथे नोकरांच्याच पंगती उठायच्या म्हणे. युद्ध झालं, घरधनी सर लायनेल गेले, माणसं पांगली. आता वर एकट्या बाईसाहेब, लेडी पेव्हरेल, आणि खाली आम्ही दोघं. आयव्ही दुपारी घरी जायची.

"डॉर्कस ऑस्ट्रेलियाला चाललीय," मिस्टर पेलिंग म्हणाले. "कायमची. मुलीकडे. ऑक्टोबरात बोट आहे."

डॉर्कस त्यांची धाकटी बहीण. क्रोमरला समुद्रावर राहायची, नवरा खेकडे धरायचा, तो बुडून गेला. एवढंच मला ठाऊक होतं, आणि तेही इतक्या वर्षांत तुकड्यातुकड्याने कळलेलं.

"ती म्हणते, एकदा येऊन राहा. नुसता बस माझ्यासमोर." त्यांनी चमचा मखमलीच्या खाचेत ठेवला. "आम्ही दोघं एका टेबलावर जेवलो त्याला किती काळ झाला, मला नीट आठवतही नाही."

"मग जा," मी म्हटलं. "यात विचार कसला?"

"बाईसाहेबांना विचारायला हवं."

सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

बाईसाहेबांचं विसरणं वाढत चाललं होतं. सकाळी त्या अगदी लख्ख असायच्या, वर्तमानपत्रातल्या मंत्र्यांना नावं ठेवायच्या. दुपार कलली की मात्र एकेका खोलीतला दिवा कुणी मालवत जावा तसं व्हायचं. चहाच्या वेळेला सर लायनेल कुठे राहिले म्हणून विचारायच्या. मिस्टर पेलिंग अदबीने सांगायचे, "सर आज बाहेरच जेवणार आहेत, बाईसाहेब." तेवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. आमचा कुणाचा शब्द त्यांना पटत नसे. यांचा पटायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर पेलिंगनी सुट्टीचं विचारलं. खाली आले ते चेहरा उजळलेला.

"हो म्हणाल्या. 'तुम्हाला बहीण आहे? कधी बोलला नाहीत, पेलिंग. अवश्य जा,' म्हणाल्या."

संध्याकाळी त्यांनी जिन्याखालची बॅग काढून झटकली. त्याच्या पुढच्या सकाळी सहज आठवण द्यावी म्हणून विषय काढला तर बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला बहीण आहे? कधी बोलला नाहीत, पेलिंग. अवश्य जा."

असं महिनाभर चाललं. रोज परवानगी मिळायची आणि रोज संध्याकाळपर्यंत विरून जायची. आयव्ही म्हणायची, "एवढ्या परवानग्यांमध्ये माणूस चंद्रावर जाऊन आला असता." मीही त्यांना समजावलं. म्हटलं, हो म्हणाल्यात ना, मग निघा. त्यांना काही ते जमेना.

"मिसेस बॅरो, देणाऱ्याला जी आठवत नाही ती कसली परवानगी? दुपारी त्या मला हाक मारतील आणि मी नसेन. त्यांच्या लेखी मी पळून गेलेला असेन."

शेवटी मेजर जाइल्सनी तोड काढली. ते बाईसाहेबांचे भाचे, लंडनला असायचे, महिन्यातून एकदा येऊन आत्याचं क्षेमकुशल बघून जायचे. घर पुढेमागे त्यांचंच होणार होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या कानावर मीच घातलं.

"पेलिंग, हा हुकूम समजा," मेजरसाहेब म्हणाले. "तुम्ही आठवडाभर जायचं. मी स्वतः इथे येऊन राहतो. वाढायचं काम आयव्ही बघेल."

मग आयव्हीची शिकवणी सुरू झाली. मिस्टर पेलिंग रिकामा ट्रे घेऊन तिला जेवणघरात उभं करायचे. अंडं किती घट्ट, टोस्टच्या कडा कापलेल्या, चहाच्या कपाचा कान उजव्या हाताला, पडदा अर्धाच सरकवायचा.

"आणि सर लायनेल कुठे आहेत असं विचारलं तर?" मिस्टर पेलिंगनी परीक्षा घेतली.

"चर्चमागे," आयव्ही म्हणाली. "बरीच वर्षं झाली."

"आयव्ही."

"बरं, बरं. बाहेर जेवणार आहेत. माझा नवरापण असाच रोज बाहेर जेवला असता तर काय बिघडलं असतं."

निघायच्या दिवशी त्यांच्याकडे काळ्या कपड्यांखेरीज घालायला काही नाही हे लक्षात आलं. मेजरसाहेबांनी सर लायनेलचा तपकिरी लोकरी कोट कपाटातून काढून दिला. बाह्या थोड्या लांब होत्या. तो घालून ते स्वयंपाकघरात आले तेव्हा आयव्ही हातातलं फडकं टाकून बघायला लागली. मला वाटलं, कुणी शाळामास्तर दार चुकून आत आलाय. बाईसाहेबांचा निरोप ते आधीच काळ्या पोशाखात घेऊन आले होते. "समुद्रावर टोपी घाला," असं त्यांनी बजावलं म्हणे.

बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकात उभी होते. मला अगदी मोकळं वाटलं, माझीच सुट्टी सुरू झाल्यासारखं.

पहिला दिवस बरा गेला. "पेलिंग कुठे आहेत?" बाईसाहेबांनी विचारलं. "सुट्टीवर गेलेत, क्रोमरला, बहिणीकडे," आयव्हीने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मेजरसाहेबांनी सांगितलं, मी सांगितलं, माळी भाजी घेऊन आला त्यानेही सांगितलं. दिवसभर या एका वाक्याची आम्ही माळ जपत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रे परत पाठवला. मी मटणाचं सूप केलं, ते आलं तसं गेलं. दुधातला रवा केला, त्याला साय धरली. त्यापुढच्या सकाळी बाईसाहेब खोलीत नव्हत्या. शोधाशोध झाली, आणि सापडल्या त्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, घरातल्या सपाता घालून. दवाने भिजलेल्या. पेलिंगची बस येते का बघायला निघाल्या होत्या.

मेजरसाहेबांचा धीर सुटला. लढाईत रणगाड्यांवर बसलेला माणूस, पण एका म्हातारीने तोंड मिटून घेतल्यावर त्याला काही सुचेना. दिवाणखान्यात फोनजवळ येरझाऱ्या घालत होते.

"मेजरसाहेब," मी म्हटलं, "भूक लागली की खातील. आणखी दोन दिवस कळ काढा. त्या माणसाला राहू द्या तिकडे."

"आणि तेवढ्यात काही झालं तर, मिसेस बॅरो?"

त्यांनी फोन लावला. डॉर्कसच्या घराखाली खाटकाचं दुकान होतं, तिथे निरोप गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्टर पेलिंग परत आले. नाक आणि कपाळ उन्हाने लालसर झालेलं. मला एकच विचारलं, "काही खाल्लं?" मी नकारार्थी मान हलवली. कोट काढून, तोंड धुऊन, काळा पोशाख चढवून ते खाली आले तेव्हा मी अंडं उकडलं होतं आणि टोस्टच्या कडा कापल्या होत्या. ट्रे घेऊन ते वर गेले. गरम पाण्याचा जग घेऊन मी मागोमाग गेले, कारण त्यांना बघून बाईसाहेबांचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं.

मिस्टर पेलिंगनी ट्रे ठेवला, पडदा अर्धा सरकवला. बाईसाहेब बघत होत्या.

"कोण तू?" त्या म्हणाल्या.

मिस्टर पेलिंगना त्या नेहमी अहोजाहो करायच्या.

"मी पेलिंग, बाईसाहेब. परत आलो."

बाईसाहेबांनी उशाजवळचा चष्मा घेतला, लावला आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. त्यात राग नव्हता.

"नाही," त्या म्हणाल्या. "पेलिंग सुट्टीवर आहेत. क्रोमरला गेलेत, बहिणीकडे. मीच परवानगी दिली त्यांना."

महिनाभर जे त्यांच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत टिकत नव्हतं ते आता खिळा ठोकल्यासारखं बसलं होतं. आम्हीच सगळ्यांनी मिळून ठोकलं होतं ते.

अंड्याचं टोक कापून मिस्टर पेलिंगनी चमचा पुढे केला. बाईसाहेबांनी तो घेतला आणि खाल्लं. सगळं अंडं संपवलं, दोन टोस्ट खाल्ले. मग रुमालाने ओठ टिपून म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा. पेलिंग येईपर्यंत चालेल. तुला जेम्स म्हणेन. आमच्याकडे नव्या माणसाला जेम्सच म्हणतात."

"जी, बाईसाहेब."

खाली आल्यावर ते खुर्चीत बसले. मी चहा पुढे ठेवला.

"मी पहिल्यांदा आलो तेव्हाही मला जेम्सच म्हणायचे," ते म्हणाले. "थोरल्या सरांच्या वेळी. माझ्या आधीचाही जेम्स होता. त्याच्या आधीचाही. पेलिंग व्हायला मला अर्धं आयुष्य लागलं, मिसेस बॅरो."

आम्ही सगळे उपाय करून बघितले. मेजरसाहेबांनी आत्याचा हात हातात घेऊन समजावलं, तर त्या म्हणाल्या, "जाइल्स, तू गुणी मुलगा आहेस, पण पेलिंगला मी ओळखते. ते याच्याहून उंच आहेत." डॉक्टर आले. म्हणाले, या वयात असं होतं, कधी उतरेल कधी नाही. मग आयव्हीने डोकं लढवलं.

"मिस्टर पेलिंगनी परत यायला हवं," ती म्हणाली. "आले तसं नाही, बाईसाहेबांच्या डोळ्यांसमोर. बॅग घेऊन, कोट घालून, पुढच्या दाराने. सुट्टीवर गेलेला माणूस येतो तसा."

मिस्टर पेलिंगना ते रुचलं नाही. पुढच्या दाराने ते आयुष्यात कधी आत आले नव्हते. पण दुसरा मार्गही दिसत नव्हता. सकाळची वेळ धरली, बाईसाहेब तेव्हा जास्त जाग्यावर असायच्या. मेजरसाहेबांनी त्यांना दिवाणखान्यात आणून बसवलं. मिस्टर पेलिंग तपकिरी कोट घालून, हातात बॅग घेऊन बागेच्या बाजूने फिरून आले. आयव्हीने दार उघडलं आणि ठरल्याप्रमाणे मोठ्याने म्हणाली, "अगंबाई, मिस्टर पेलिंग आले वाटतं."

मिस्टर पेलिंग गालिच्यापर्यंत आले आणि थांबले. टोपी काढली. "बाईसाहेब, मी परत आलो. सुट्टीबद्दल आभारी आहे."

बाईसाहेबांचे डोळे कोटावर खिळले.

"जेम्स," त्या म्हणाल्या, "तो सरांचा कोट आहे. काढ तो. सर काय म्हणतील? आणि पेलिंगनी पाहिलं असतं तर आजच्या आज तुला घालवून दिलं असतं."

मेजरसाहेब काहीतरी बोलायला उठले. मिस्टर पेलिंगनी त्यांना नजरेने थांबवलं. बॅग खाली ठेवली, एकेक बटण सोडलं आणि कोट काढून हातावर घडी घालून घेतला. आत सदऱ्याला बाह्यांवर रबरी पट्टे होते. बाईसाहेबांसमोर नुसत्या सदऱ्यावर उभं राहायची त्यांची ती पहिलीच वेळ असणार.

"माफ करा, बाईसाहेब. पुन्हा होणार नाही."

आयव्ही त्या दिवशी भांडी आपटत राहिली. घरी जाताना एकदाच म्हणाली, "माझीच कल्पना. जीभ झडायला हवी होती माझी."

मी मिस्टर पेलिंगना म्हटलं, "आता तर तुम्ही सरळ क्रोमरला जा. त्या तुम्हाला ओळखत नाहीत, मग कुणासाठी थांबलात?"

"त्यांना माझ्या हातचं चालतं. आयव्हीच्या हातचं आता चालत नाही, काल तिचा ट्रे परत आला, बघितलंत तुम्ही." त्यांनी बाहीचं बटण लावलं. "आणि जेम्स नुकताच लागलाय. नव्या माणसाला एवढ्यात सुट्टी कोण देईल?"

मला वाटलं गंमत करतायत. चेहऱ्याकडे पाहिलं तर गंमत नव्हती.

मेजरसाहेब लंडनला गेले. सप्टेंबर असाच गेला. बाईसाहेब जेम्सच्या चुका काढायच्या. पेलिंग फुलदाणी अशी ठेवत नाहीत, पेलिंग दार इतक्या जोरात लावत नाहीत. येऊ देत त्यांना, सगळं सांगते. मिस्टर पेलिंग रोज त्यांच्याकडून स्वतःचं कौतुक ऐकायचे आणि स्वतःच्याच नावाने बोलणी खायचे. खाली येऊन आम्हाला सांगायचे तेव्हा आधी आम्ही हसायचो. मग हसणं थांबलं.

एक दिवस ते ट्रे घेऊन खाली आले आणि तो ठेवायचं विसरून तसेच उभे राहिले.

"काय झालं?"

"त्या म्हणाल्या, 'जेम्स, मला वाटतं पेलिंग परत येणार नाहीत.' मी म्हटलं, येतील, बाईसाहेब. तर म्हणाल्या, 'कशाला यावं त्यांनी? जन्मभर ठेवून घेतलं मी त्यांना. बहीण आहे हेसुद्धा कधी विचारलं नाही.' आणि रडल्या."

"मग तुम्ही काय बोललात?"

"काय बोलणार? ते पेलिंगसाठी होतं, मिसेस बॅरो. माझ्याजवळ बोललं गेलं एवढंच." मग म्हणाले, "त्यांना कळवतो म्हटलं."

ऑक्टोबरात, बोट सुटायच्या आधी, डॉर्कस स्वतःच आली. क्रोमरहून गाड्या बदलत, बंदराकडे जायच्या वाटेत वाकडी वाट करून. ठेंगणी, वाऱ्याने रापलेली बाई, हातात मोठी पिशवी. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेले उकडलेले खेकडे होते.

"बर्ट," ती दारातूनच म्हणाली, "तू येत नाहीस म्हणून मी आले. बस आहे साडेचारची. तोवर तरी बसशील ना?"

मिस्टर पेलिंगना कुणी बर्ट म्हणालेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. ते बसले. मी शहाजिऱ्याचा केक कापला, चहा ओतला. डॉर्कस माझ्याशीच बोलत होती, पण सगळं त्यांच्याकडे बघून.

"काय सांगू बाई तुम्हाला. आला तो पहिल्याच दिवशी माझ्या आधी उठून शेगडी पेटवून बसला. मला चहा आणून दिला, तोही हातावर फडकं टाकून. वाळूवर खुर्च्या मांडल्या तर हा माझ्या खुर्चीमागे उभा. म्हटलं, अरे बस. बसला, पण असा बसला की आत्ता कुणीतरी येईल आणि उठ म्हणेल."

"आणि म्हणालंच कुणीतरी," मी म्हटलं.

"तू गप का, बर्ट?"

"ऐकतोय," मिस्टर पेलिंग म्हणाले. ते तिच्या हातांकडे बघत होते. त्या हातांवर जाळ्याच्या दोऱ्यांचे जुने वळ होते.

डॉर्कसने बशीतला तुकडा बाजूला सारला. "माझी मुलगी म्हणते, मामालाही घेऊन ये. घर मोठं आहे. जावई चांगला आहे. कागदपत्रांचं तो बघेल म्हणतो. आत्ता नाही तर पुढल्या वर्षी ये. नुसतं हो म्हण, म्हणजे मी तिकडे जाऊन तुझी खोली तरी बघून ठेवते."

मिस्टर पेलिंगनी तोंड उघडलं. ते काय म्हणणार होते कुणास ठाऊक. तेवढ्यात भिंतीवरची घंटा वाजली, बाईसाहेबांच्या खोलीची. ते उठले, बंडी खाली ओढून नीट केली. "आलोच," म्हणाले.

ते आले नाहीत. डॉर्कस घड्याळाकडे बघत राहिली. चहा गार झाला. शेवटी ती उठली. "मला दाखवा कुठे आहे तो."

मी तिला मागच्या जिन्याने वर नेलं. दार उघडं होतं. बाईसाहेब खुर्चीत होत्या. काही स्वप्नबिप्न पडून घाबरल्या असाव्यात, कारण त्यांनी मिस्टर पेलिंगची बाही घट्ट धरली होती आणि ते कमरेत वाकून तसेच उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. हात सोडवून घेणं त्यांना शक्य नव्हतं असं नाही, पण त्यांच्याच्याने ते होत नव्हतं.

"कोण आहे?" बाईसाहेबांनी विचारलं.

डॉर्कस पुढे झाली. "मी डॉर्कस, बाईसाहेब. क्रोमरची. पेलिंगची बहीण."

बाईसाहेबांचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. त्यांनी दुसरा हात पुढे केला. "या, या. पेलिंग कसे आहेत? हवा मानवली का त्यांना?"

डॉर्कसने भावाकडे पाहिलं. मिस्टर पेलिंगनी मान किंचितशी हलवली, नाही म्हणून की हो म्हणून ते मला कळलं नाही.

"मानवली, बाईसाहेब," डॉर्कस म्हणाली. "आधी बुजला होता. मग एके दिवशी त्याने बूट काढले, विजार दुमडली आणि पाण्यात पाय सोडून उभा राहिला. लाट आली की मागे सरायचा, लहानपणी सरायचा तसा. हसत होता. इतका हसला की मलाही आवरेना."

"पेलिंग हसले?" बाईसाहेब म्हणाल्या. "मी त्यांना हसताना कधी पाहिलं नाही."

"हसतो तो, बाईसाहेब."

"त्यांना म्हणावं, घाई करू नका. माझं इथे चाललंय. हा जेम्स आहे. अजून कच्चा आहे, पण शिकेल."

"सांगते," डॉर्कस म्हणाली.

मिस्टर पेलिंग वाकलेलेच होते. त्यांच्या हनुवटीवरून एक थेंब बाईसाहेबांच्या शालीवर पडला. त्यांनी मोकळ्या हाताने तो लगेच टिपला.

बसची वेळ होत आली होती. डॉर्कस त्यांच्याजवळ गेली, त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "येते हं, जेम्स." मग माझ्याही पुढे जिना उतरून गेली. मी तिला फाटकापर्यंत पोचवायला गेले. बसमध्ये चढताना म्हणाली, "खेकडे आजच खा. उद्या टिकायचे नाहीत." बस निघाल्यावर मी वर पाहिलं, तर बाईसाहेबांच्या खिडकीचा पडदा अर्धा सरकवलेला होता आणि मागे कुणी नव्हतं.

खेकडे मी बशीत मांडले. मिस्टर पेलिंगनी एकाची नांगी फोडली, थोडं खाल्लं आणि चांगले आहेत म्हणाले.

बाईसाहेब फेब्रुवारीत गेल्या. सर्दीचं निमित्त झालं. शेवटचे दिवस त्या सारखं विचारत होत्या, पेलिंग आले का. मिस्टर पेलिंग सांगायचे, "निघालेत, बाईसाहेब. वाटेत आहेत." त्यांनी तसं सांगितलं की त्या शांत व्हायच्या. त्या गेल्या तेव्हा खोलीत तेच होते. त्यांनी मला खाली येऊन सांगितलं आणि घड्याळांना चावी द्यायची राहिली आहे म्हणून परत वर गेले.

चर्चमधून परत येताना मेजर जाइल्सनी त्यांना हाक मारली, "पेलिंग." ते चालतच राहिले. मेजरसाहेबांना तीनदा हाक मारावी लागली.

"आता विश्रांती घ्या, पेलिंग," मेजरसाहेब म्हणाले. "आत्याला तुमचा खूप आधार होता."

"जी," ते म्हणाले. "त्या पेलिंगबद्दल नेहमी चांगलंच बोलायच्या."

घर बंद झालं. मेजरसाहेबांनी मिस्टर पेलिंगसाठी चर्चच्या आवारातल्या वृद्धांच्या घरांमधली एक खोली मिळवून दिली. तो माणूस दिलदारपणात कमी पडला नाही, हे सांगायलाच हवं. मी लिंकनला भाचीकडे गेले. ऑस्ट्रेलियाचं मी एकदा त्यांच्याकडे काढलं. अजून कागद करता येतील, डॉर्कसची खोली तयार असेल, म्हटलं.

"बघू," ते म्हणाले. "इतक्या लांब जायचं म्हणजे कुणाला तरी विचारायला हवं."

"कुणाला?"

त्यांनी बराच विचार केला. त्यांना कुणी सुचेना.

अधूनमधून रविवारी मी बसने त्यांच्याकडे जाते, अ‍ॅपल पाय घेऊन. ते मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवतात आणि आपण बशी हातात घेऊन खिडकीशी उभे राहून खातात. पलंगावर तरी टेका, मी म्हणते. हो, बसतो, म्हणतात. मी निघेपर्यंत ते उभेच असतात.